उरलेली वॉरंटी

"गाडी वॉरंटीत आहे," असं मला एजंटनं सांगितलं, गाडी विकणाऱ्या मॅडमनी सांगितलं आणि बॉनेट उघडून बघणाऱ्या चाचांनीही सांगितलं. प्रत्येकाच्या मनातली वॉरंटी वेगळी होती, हे कळायला मला बराच वेळ लागला. एजंट म्हणत होता ती त्याच्या दुकानाची. ती फक्त इंजिन आणि गिअरबॉक्सपुरती होती, ६ महिन्यांची, आणि त्याच्या ओळखीच्या गॅरेजातच चालणारी. मॅडम म्हणत होत्या ती कंपनीची. पहिल्या विक्रीच्या तारखेपासून ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर, यातलं जे आधी भरेल ते. चाचांना एवढंच म्हणायचं होतं की गाडी अजून कोरी आहे, बिनधास्त घ्या.

आमच्या घरात याआधी कुणीच चारचाकी घेतली नव्हती. बाबांचं डायलिसिस सुरू झालं आणि तासगावहून सांगलीला आठवड्यातून दोनदा जायची वेळ आली. जाताना एसटी चालायची. येताना मात्र ते इतके गळून गेलेले असत की स्टँडवर उभं राहणंही त्यांना नको व्हायचं. म्हणून मी ड्रायव्हिंग स्कूल लावलं, लायसन काढलं आणि एका बँकेतल्या अधिकारी मॅडमची नागपूरला बदली झाली म्हणून विकायला काढलेली त्यांची गाडी घेतली. नवी परवडत नव्हती. वॉरंटी शिल्लक असलेली वापरलेली गाडी म्हणजे आमच्यासारख्यांना मिळू शकणारा सर्वांत मोठा आधार, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

कागदपत्रांची मला भीती नव्हती. मी पतसंस्थेत नोकरी करते, फॉर्म भरणं हे रोजचंच काम. आरटीओचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरले. एकाच राज्यातला व्यवहार असेल तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत कळवायचं, असं मोटार वाहन कायद्यात आहे, तेही आम्ही पाळलं. विम्यावर नाव बदलून घ्यायला १४ दिवसांची मुदत असते. तिथं कळलं की मॅडमचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर माझ्याकडे येत नाही, तो त्यांचा त्यांच्याकडेच राहतो. फरकाची रक्कम भरली. आरसीचं कार्ड माझ्या नावानं घरी आलं तेव्हा बाबांनी ते देवापुढं ठेवलं. गाडी आता सगळीकडे आपल्या नावावर झाली, असं मी धरून चालले. कंपनीच्या संगणकात ती अजून मॅडमच्याच नावावर होती आणि तिथं माझं अस्तित्वच नव्हतं, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

बिघाड आला तो स्टिअरिंगचा. बाबांना घेऊन परतताना वळणावर स्टिअरिंग एकदम जड झालं आणि समोर पिवळा दिवा लागला. दोन्ही हातांनी ओढून गाडी कडेला घेतली. बंद करून पुन्हा चालू केली तर दिवा गेलेला, स्टिअरिंग पुन्हा हलकं. असं पुन्हा झालं, मग पुन्हा. वर्कशॉपमध्ये नेलं की मात्र काहीच नाही. सर्व्हिस अॅडव्हायझरनं आवारात चक्कर मारली आणि तो म्हणाला, "मॅडम, गाडी ओके आहे. प्रॉब्लेम दिसला तरच आम्ही काही करू शकतो." तो खोटं बोलत नव्हता. पण शेजारच्या सीटवर पेशंट बसलेला असताना ज्या गाडीचं स्टिअरिंग केव्हा अडेल याचा नेम नाही, तिला 'ओके' म्हणून घरी न्यायचं कसं, हे मला समजेना.

मार्ग दाखवला तो चाचांनी. आमच्या आळीत त्यांचं लहानसं गॅरेज आहे. हे काम त्यांचं नव्हतं आणि त्यातून त्यांना एक पैसाही मिळणार नव्हता, तरी त्यांनी मला स्टुलावर बसवून नीट समजावलं. या गाडीत पॉवर स्टिअरिंग तेलावर चालत नाही, विजेच्या मोटरवर चालतं. स्टिअरिंगच्या दांड्यावर एक सेन्सर असतो. आपण किती जोरानं पिळतोय ते तो मोजतो आणि त्याप्रमाणे मोटर मदत करते. सेन्सरचं म्हणणं पटलं नाही की गाडीतला संगणक मोटरची मदत थांबवतो. चाकं वळतात, पण सगळा जोर आपल्या हातांचा लागतो. गाडी पुन्हा चालू केली की तपासणी नव्यानं होते, सगळं ठीक वाटलं तर दिवा विझतो. "पण दिवा विझला म्हणून गाडी विसरत नाही, ताई," चाचा म्हणाले. "कोड आत राहतो. मशीन लावून मेमरीतले जुने कोड वाचा म्हणावं. आणि पुढच्या वेळी दिवा लागला की गाडी कडेला घ्या, इंजिन चालू ठेवा आणि मोबाईलवर शूटिंग घ्या. किलोमीटर दिसले पाहिजेत त्यात."

तसंच केलं. व्हिडिओ दाखवला आणि "जुने कोड वाचा" हे शब्द जसेच्या तसे म्हटले. मशीन लागलं. कोड निघाला, तो सेन्सरचाच होता. हा सेन्सर सुटा बदलत नाहीत, अख्खा स्टिअरिंग कॉलम बदलतात. वॉरंटीशिवाय त्याची किंमत विचारली आणि आकडा ऐकून मी खुर्चीवर बसले. माझ्या महिन्याच्या पगारात तो भाग येत नव्हता.

खरा गुंता इथून सुरू झाला. जॉब कार्ड उघडायला ओटीपी लागतो आणि तो नोंदवलेल्या मोबाईलवर, म्हणजे नागपूरला, मॅडमकडे गेला. दुपारची वेळ, बँकेत गर्दी. मी फोन करत राहिले, काउंटरवरचा मुलगा ताटकळत राहिला. मॅडमनी शेवटी ओटीपी दिला, पण अॅडव्हायझरच्या मनात शंका आलीच. "ओनर तुम्ही नाही ना? मग वॉरंटी क्लेम कसा टाकू?" मी आरसी पुढे केली. तो म्हणाला, सिस्टिममध्ये नाव वेगळं आहे. मी विचारलं, नाव बदलायचं कुठे? तो म्हणाला, विचारून सांगतो.

घरी येऊन मी गाडीबरोबर आलेलं वॉरंटीचं पुस्तक काढलं. पानापानाला बारीक टाइप. काय वॉरंटीत बसत नाही याची लांबलचक यादी: ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपर, झिजणारं बहुतेक सगळं. टायर आणि बॅटरी यांची जबाबदारी ज्या त्या बनवणाऱ्याची. आणि मधल्याच एका पानावर मला हवं होतं ते वाक्य सापडलं. मुदत शिल्लक असेल तर वॉरंटी पुढच्या मालकाकडे जाते. शेवटी मालकी बदलल्याचा फॉर्मही जोडलेला होता, कोरा. वॉरंटी माणसाच्या नावाला चिकटलेली नसते, ती चॅसिस नंबरला चिकटलेली असते. तो १७ अक्षरांचा नंबर गाडी कितीही हातांतून गेली तरी बदलत नाही. माझा जीव भांड्यात पडला तो त्या पानावर.

फॉर्म, आरसी आणि आधारची प्रत जोडून दिली. नाव बदललं. आणि लगेच दुसरी अडचण उभी राहिली. डॅशबोर्डखालचं पॅनेल काढल्यावर त्यांना एक जोडलेली वायर दिसली, मागच्या कॅमेऱ्याची. "बाहेरून काम केलंय. वायर कापली असेल तर इलेक्ट्रिकलची वॉरंटी जाते." हा नियम मला वाचून माहीत झाला होता आणि तो चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. कुणी भलतीकडून वीज घेऊन एखादा भाग जाळला तर त्याचा खर्च कंपनीनं का सोसावा? पण कॅमेरा मी बसवला नव्हता, आणि कॅमेऱ्याचा स्टिअरिंगच्या सेन्सरशी संबंध काय, तेही कुणी दाखवत नव्हतं.

पुन्हा नागपूरला फोन. मॅडमनी संध्याकाळी घरी जाऊन फाइल काढली आणि बिलाचा फोटो पाठवला. कॅमेरा गाडीच्या डिलिव्हरीच्या दिवशीच, याच शोरूममध्ये, कंपनीच्याच अॅक्सेसरीमधून बसवला होता. बिलावर शिक्का होता. गाडी विकून मोकळ्या झालेल्या बाईंना माझ्यासाठी फाइल उचकायची काय गरज होती? त्यांनी ती ठेवली होती आणि शोधलीही. वापरलेली गाडी घेताना लोक इंजिनाचा आवाज ऐकतात, रंग बोटानं तपासतात. मी म्हणेन, आधीच्या मालकानं बिलं जपलीत का ते विचारा, आणि सगळी फाइल मागून घ्या.

वॉरंटीचं काम बघणाऱ्या माणसाशी मला शेवटी थेट बोलता आलं. काचेच्या केबिनमध्ये, टॅग लावलेल्या जुन्या भागांच्या ढिगाजवळ तो बसलेला. त्यानं सांगितलं ते आधीच कळलं असतं तर माझी निम्मी घालमेल वाचली असती. वर्कशॉप कंपनीचं नसतं, डीलरचं असतं. वॉरंटीचं वचन कंपनीचं, काम डीलरचं. डीलर आपल्या हातानं भाग बदलतो आणि मग कंपनीकडे भाग आणि मजुरी यांचा क्लेम टाकतो. कोड, फोटो, सर्व्हिसच्या नोंदी, मालकाचं नाव यातलं काही जुळलं नाही तर क्लेम परत येतो आणि खर्च डीलरच्या अंगावर पडतो. म्हणून काढलेला भाग आपल्याला देत नाहीत, कंपनी तो तपासायला मागवू शकते. अॅडव्हायझर मला टाळत होता असं मला वाटत होतं. तो आपल्या क्लेमला घाबरत होता. हे समजल्यावर मी बोलण्याची पद्धतच बदलली. "फुकट करून द्या" असं न म्हणता "तुमच्या क्लेमला कोणता कागद कमी पडतोय?" असं विचारायला लागले. त्या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक वेळी मिळालं.

तरीही सगळा समजूतदारपणा गिऱ्हाइकानंच दाखवायचा, हे मला मान्य नाही. डीलर आणि कंपनी यांच्यातला हिशेब हा त्यांचा आपसातला प्रश्न आहे. पेशंटला घेऊन जाणाऱ्या बाईला त्यासाठी ताटकळत का ठेवायचं? आमच्या ओळखीतले एक काका ग्राहक पंचायतीचं काम करायचे. बिंदुमाधव जोशींनी पुण्यात १९७४ साली सुरू केलेली ही चळवळ. काकांनी मला ऐकवलं, "पोरी, तोंडी काही बोलायचं नाही. लिहून द्यायचं आणि पोच घ्यायची." राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर त्यांनीच दिला. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात तक्रारीची फी लागत नाही आणि तक्रारीला २ वर्षांची मुदत असते, हेही सांगितलं. तिथवर जायची वेळ आली नाही. पण ते माहीत असल्यामुळे काउंटरवर उभं राहताना माझा आवाज कापला नाही.

क्लेम मंजूर झाला. कॉलम मागवला, आला, बसला. तोवर शेजारच्यांच्या रिक्षातून बाबांना नेलं. बिल हातात आलं त्यावर भाग आणि मजुरी यांच्यापुढे शून्य होतं, खाली व्हील अलाइनमेंटचे पैसे लावले होते. मी विचारलं, हे कॉलम बदलल्यामुळेच करावं लागलं ना? मग ते वॉरंटीत का नाही? अॅडव्हायझर आत जाऊन आला आणि त्यानं ती ओळ काढून टाकली. विचारलं नसतं तर मी ते पैसे भरून आले असते. बिलाची प्रत्येक ओळ वाचायची आणि न समजलेली विचारायची, ही पतसंस्थेतली सवय इथं कामी आली. बदललेल्या भागाची वॉरंटी नव्यानं सुरू होते का, हेही विचारलं. उत्तर मिळालं की मूळ वॉरंटीची जेवढी मुदत उरली आहे तेवढीच त्याची. ते बिलावर लिहून घेतलं. वॉरंटी संपायच्या आत एक्स्टेंडेड वॉरंटी घेता येते आणि ती दुसऱ्या मालकालाही मिळते, असंही त्यांच्याकडूनच कळलं. संपल्यावर मागितली तर मिळत नाही. तिचे पैसे मी बाजूला टाकायला सुरुवात केली आहे.

जाताना वर्क्स मॅनेजरना एक पत्र दिलं. त्यात तक्रार नव्हती, मागणी होती. मालकी बदलल्याचा फॉर्म काउंटरवर, येणाऱ्याला दिसेल असा ठेवा. कोणते कागद लागतात ते मराठीत लिहून लावा. आणि वापरलेली गाडी घेऊन कुणी पहिल्यांदा आलं की जॉब कार्ड उघडण्याआधी त्याचं नाव आणि मोबाईल नंबर बदलून घ्या. आमच्या भागात पहिल्या मालकाची गाडी घेणारे शेतकरी आहेत, शिक्षक आहेत, नर्स आहेत. त्यांच्या गाडीतल्या उरलेल्या वॉरंटीचे पैसे त्यांनी गाडीच्या किमतीतच मोजलेले असतात.

त्यांनी पत्र वाचलं, दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारला, तारीख घातली आणि सही करून ती मला दिली. ती मी गाडीच्या फाइलीत लावली आहे. महिन्याभरानं पुढची सर्व्हिस आहे, तेव्हा काउंटरवर फॉर्म दिसला नाही तर ती प्रत घेऊन मी पुन्हा त्यांच्या केबिनमध्ये जाणार आहे.