निशाण नसलेली विमाने

सावली म्हटले की महाराष्ट्रातील वाचकाला बहुधा चंद्रपूर जिल्ह्यातील सावली आठवते. आमची सावली निराळी. बडोद्याच्या उत्तरेस, मोटारीने तासाभराच्या आत येता येईल असे हे तालुक्याचे गाव. 1732 साली डाकोरला पिलाजीराव गायकवाडांचा घात झाला, तेव्हा त्यांचा देह येथे आणून अग्निसंस्कार करण्यात आले. गायकवाडीच्या इतिहासात सावलीचे नाव येते ते मुख्यतः त्यामुळे. आता येथील कारखान्यात मेट्रो रेल्वेचे डबे तयार होतात आणि नव्या पिढीला गावाची ओळख तीच वाटते. त्यात वावगे काही नाही.

पिलाजीरावांच्या काळी क्षितिजावर घोडदळाची धूळ दिसली की वेशीवरच्या माणसाचा पहिला प्रश्न असे : निशाण कोणाचे? भगवे आहे की आणखी कोणाचे, हे कळेपर्यंत दरवाजे उघडावयाचे की बंद करावयाचे हे ठरत नसे. धूळ दिसणे ही एक गोष्ट आणि ती कोणाची हे कळणे ही दुसरी. आकाशातील लहान, खाजगी विमानांच्या बाबतीत सध्या देशोदेशी जो वाद चालू आहे तो याच दुसऱ्या गोष्टीचा आहे. प्रत्येक लहान विमानाने आपले नाव, ठिकाण आणि उंची सतत जाहीर करणारे यंत्र बाळगलेच पाहिजे काय, असा तो प्रश्न. ज्यांच्या घरात विमान नाही त्यांनी या फंदात का पडावे, असे वाचक म्हणतील. आमच्याही घरात विमान नाही. पण आमच्या पुतण्याची कन्या विमान चालवावयास शिकत आहे, आणि त्यामुळे हा वाद आमच्या जेवणाच्या ताटापर्यंत येऊन पोहोचला.

तिचे शिक्षण महाराष्ट्रातील एका लहान धावपट्टीवर चालते. शिकावयाचे विमान दोन आसनांचे, सेस्ना 152 जातीचे. या जातीची बांधणी 1985 सालीच थांबली. म्हणजे विमान वैमानिकापेक्षा वयाने पुष्कळ वडील आहे. विमानाचे वय तेवढे मोजू नये, त्याची निगा पाहावी, असे ती आम्हांला समजावते व आम्ही मान डोलावतो. हल्ली मोबाइलवर आकाशातील विमाने पाहण्याची सोय झाली आहे. मुंबईहून दिल्लीस जाणारे विमान डोक्यावरून गेले की त्याचे नाव, उंची, वेग सारे पडद्यावर उमटते. हौसेने आम्ही एकदा तिला विचारले, “तुझे विमान यात कसे शोधावयाचे?” ती म्हणाली, “आबा, आमचं नाही दिसायचं त्यात. आमचं विमान विचारल्याशिवाय बोलत नाही, आणि इतक्या खाली त्याला विचारणारं कोणी नसतं.”

तिचे हे उत्तर अगदी नेमके आहे, हे आम्हांला पुढे थोडे वाचन केल्यावर उमगले. जुन्या विमानात ट्रान्सपाँडर नावाचे यंत्र असते. जमिनीवरील रडारने ‘कोण आहे?’ अशी हाक दिली की ते आपला क्रमांक व उंची सांगते. पहारेकऱ्याने हटकावे आणि वाटसरूने नाव सांगावे तसे. परंतु रडारची दृष्टी सरळ रेषेत जाते. लहान धावपट्टीच्या परिसरात, हजार-दोन हजार फुटांवर, ती बहुधा पोहोचतच नाही. नव्या यंत्राला एडीएस-बी म्हणतात. ते हाकेची वाट पाहत नाही. उपग्रहांवरून स्वतःचे ठिकाण जाणून घेते आणि क्षणाक्षणाला त्याची दवंडी पिटते. ती दवंडी नियंत्रण कक्ष ऐकतो, शेजारचे विमान ऐकते, आणि साधे यंत्र बाळगणारा सावलीतील एखादा मुलगाही गच्चीवर बसून ऐकू शकतो. वादाचे मूळ या शेवटच्या सोयीत आहे.

ही ओळख सांगण्याची युक्ती जन्मली युद्धात. दुसरे महायुद्ध पुकारले गेल्यास चार दिवसही उलटले नव्हते, तोच 6 सप्टेंबर 1939 रोजी ब्रिटिश स्पिटफायर विमानांनी आपलीच हरिकेन विमाने शत्रूची समजून पाडली. रडारवर ठिपके दिसत होते, पण आपले कोणते आणि परके कोणते हे ठिपका सांगत नाही. अशा प्रसंगांमुळे विमानातून ओळख देणाऱ्या यंत्राची निकड पटली, आणि आजचा ट्रान्सपाँडर त्याचाच वंशज. येथे एक गोष्ट बडोदेकरांनी आठवावी. 1941 साली उभ्या राहिलेल्या ब्रिटिश हवाई दलाच्या 124 क्रमांकाच्या स्पिटफायर तुकडीला बडोद्याचे नाव होते. गायकवाडांच्या देणगीची ती खूण. आपल्या गावचे नाव विलायतेच्या आकाशात असे फिरून आले आहे.

परंतु गुजरातला या विषयात जे भोगावे लागले ते याहून जवळचे आहे. 19 सप्टेंबर 1965 हा दिवस. पाकिस्तानशी युद्ध चालू होते. गुजरातचे मुख्यमंत्री बलवंतराय मेहता हे पत्नी सरोजबेन, काही सहकारी आणि एक वार्ताहर यांच्यासह मिठापूरहून कच्छच्या सीमेकडे निघाले होते. विमान बीचक्राफ्ट जातीचे, लहान, मुलकी. चालक जहांगीर इंजिनियर हे अनुभवी वैमानिक. कराचीकडून सेबर जातीचे लढाऊ विमान त्यावर धाडण्यात आले. लढाऊ विमानाच्या तरुण वैमानिकाने, कैस हुसेन त्यांचे नाव, ते लहान विमान डोळ्यांनी पाहिले. त्याने पंख हलवून दयेची खूण केली हेही पाहिले. त्याने वरिष्ठांना विचारले, आणि पाडण्याचा हुकूम आला. सुथरी गावाजवळ ते कोसळले. आठही जण गेले. 2011 साली, सेहेचाळीस वर्षांनी, हुसेन यांनी इंजिनियर यांच्या कन्येला पत्र लिहून दुःख कळविले, आणि तिनेही मन मोठे करून उत्तर दिले.

आमच्या घरी या घटनेवरून दोन तट पडले. पुतण्या म्हणाला, “त्या विमानात आजच्यासारखी ओळख देणारी सोय असती, तर कदाचित वाचले असते.” आम्हांला तसे वाटत नाही. ते विमान दिसले होते. पंख हलले तेही दिसले होते. हुकूम देणाऱ्याला ओळख पटवून घ्यावयाची नव्हती, की पटूनही तो थांबला नसता, हे आता कोण सांगणार? यंत्र नाव सांगते. ऐकणाऱ्याची बुद्धी यंत्राबरोबर येत नाही. एवढे मात्र खरे की नाव कळल्यावर गोळी झाडणे थोडे तरी अवघड होते.

दुसऱ्या पक्षाचे मुखत्यार आमचे बडोद्याचे एक स्नेही. कारखानदार, विमानाचे हौशी, स्वतःच्या छोट्या विमानातून सुटीच्या दिवशी भरारी मारणारे. दिवाळीत फराळाला आले होते. चकलीचा तुकडा मोडीत म्हणाले, “अहो आबासाहेब, आकाश एवढे मोठे आहे. डोळे उघडे ठेवले की पुरे. शंभर वर्षे माणसे अशीच उडाली.”

शंभर वर्षे उडाली हे खरे. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन निघाले, अहमदाबादेस उतरून पेट्रोल भरले आणि जुहूला पोहोचले, तेव्हा त्यांच्या पुस मॉथ विमानात संदेशयंत्रही नव्हते. पण त्या दिवशी वाटेत दुसरे विमान भेटण्याचा संभव तरी किती होता? डोळ्यांची कथा आमच्या नातीनेच (पुतण्याची मुलगी ती नातच) फराळाच्या ताटावर दोन करंज्या ठेवून समजावून सांगितली. दोन विमाने टकरीच्या वाटेवर असली की एकाच्या काचेत दुसरे हलत नाही. एकाच जागी ठिपक्यासारखे राहते आणि फक्त मोठे होत जाते. माणसाचा डोळा हलती वस्तू चटकन टिपतो, स्थिर ठिपका त्याला दिसत नाही. त्यातून सेस्नाचे पंख डोक्यावर, म्हणून वरचे दिसत नाही. दुसऱ्या कित्येक विमानांचे पंख पायाशी, म्हणून खालचे दिसत नाही. वरचे खाली येत असेल आणि खालचे वर जात असेल, तर दोघांचेही डोळे उघडे असून उपयोग नसतो. कारखानदार स्नेही थोडा वेळ करंज्यांकडे पाहत राहिले.

31 ऑगस्ट 1986 रोजी कॅलिफोर्नियातील सेरिटोस येथे हेच घडले. एक लहान पायपर विमान लॉस एंजेलिसच्या नियंत्रित क्षेत्रात न विचारता शिरले. त्यात ट्रान्सपाँडर होता, पण तो उंची सांगणारा नव्हता. उतरावयास आलेले एरोमेक्सिकोचे प्रवासी विमान त्यावर आदळले. दोन्ही विमानांतील 67 आणि खाली घरांतील 15, अशी 82 माणसे मेली. त्यानंतर मोठ्या विमानतळांभोवती उंची सांगणारे यंत्र सक्तीचे झाले. आपल्याकडे 12 नोव्हेंबर 1996 रोजी चरखी दादरीच्या आकाशात सौदी आणि कझाक विमानांची टक्कर होऊन 349 माणसे गेली. ती विमाने लहान नव्हती आणि दोष कझाक चालकांचा ठरला, हे खरे. परंतु त्या वेळी दिल्लीच्या रडारला उंची दिसत नव्हती, हेही तितकेच खरे. प्रत्येक नियमामागे असे एक गाव उभे असते.

शिवाय टक्कर ही एकच भीती नव्हे. 2 सप्टेंबर 2009 रोजी आंध्रचे मुख्यमंत्री राजशेखर रेड्डी यांचे हेलिकॉप्टर नल्लमलाच्या अरण्यात नाहीसे झाले, ते दुसऱ्या दिवशी सापडले. 30 एप्रिल 2011 रोजी अरुणाचलचे मुख्यमंत्री दोरजी खांडू यांचे हेलिकॉप्टर नाहीसे झाले, त्याचा पत्ता पाचव्या दिवशी लागला. मुख्यमंत्र्यांसाठी फौज धावली. वीस वर्षांच्या शिकाऊ मुलीसाठी किती धावेल, हा विचार मनात आला की आमची झोप उडते, आणि तो आम्ही घरात कोणापाशी बोलत नाही.

इतके झाल्यावर स्नेह्यांची बाजू हरली असे कोणी समजू नये. त्यांचे खरे म्हणणे नंतर आले आणि ते विचार करण्यासारखे होते. अमेरिकेत 2010 साली नियम झाला आणि 1 जानेवारी 2020 पासून बहुतेक नियंत्रित आकाशात एडीएस-बी सक्तीचे झाले. खर्च काही हजार डॉलर. जुन्या लहान विमानाच्या किमतीच्या मानाने तो थोडा नव्हे. सरकारने 2016 पासून पाचशे डॉलरची सूट देऊ केली. सुरक्षेसाठी म्हणून सर्वांनी दवंडी पिटावयास प्रारंभ केला. आणि मग काही लहान विमानतळांनी तीच दवंडी ऐकून, कोण किती वेळा उतरला हे मोजून, भाड्याची बिले वैमानिकांच्या घरी पाठविली. वैमानिकांची संघटना त्याविरुद्ध अजून झगडत आहे. “जीव वाचवायला म्हणून सांगितलेलं नाव,” स्नेही म्हणाले, “हे लोक वसुलीला वापरतात.” त्यांचा दुसरा मुद्दा याहून झोंबणारा होता. 29 जानेवारी 2025 रोजी वॉशिंग्टनजवळ प्रवासी विमान आणि लष्करी हेलिकॉप्टर यांची टक्कर होऊन 67 माणसे गेली. त्या हेलिकॉप्टरची एडीएस-बी दवंडी चालू नव्हती, कारण लष्कराला तशी मुभा होती. हौशी माणसाच्या दोन आसनी विमानाला सक्ती आणि सेनेला सवलत, ही रीत आपल्याकडेही येणार नाही असे कोण म्हणेल?

आमचे मत विचाराल तर, सक्ती व्हावी. परंतु ब्रिटनने 2020 साली जो मार्ग घेतला तो आधी घ्यावा. त्यांनी सक्ती न करता असे यंत्र घेणाऱ्यास अर्धी किंमत, 250 पौंडांपर्यंत, परत केली. आपल्याकडे निदान शिकाऊ विमानांचा खर्च सरकारने उचलावा. जेथे अननुभवी हात सर्वांत अधिक आणि रडार सर्वांत कमी, तेथून आरंभ व्हावा. लहान धावपट्ट्यांवर ही दवंडी ऐकणारी यंत्रे बसवावीत, नाही तर ओरडणारे पुष्कळ आणि ऐकणारा कोणी नाही अशी गत व्हावयाची. आणि ही माहिती टक्कर टाळण्यास व शोध घेण्यास वापरावी, वसुलीस वापरू नये, असे कायद्यातच लिहून ठेवावे. 1934 च्या विमान कायद्याच्या जागी 1 जानेवारी 2025 पासून नवा भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला आहे. एवढे एक कलम त्याला जड जाऊ नये. 2021 च्या नियमांत सरकारने ड्रोनसाठीही ठिकाण सांगणाऱ्या यंत्राची कल्पना मांडून ठेवली आहे. ज्यात माणूस बसत नाही त्याची इतकी काळजी, तर ज्यात आमची मुलगी बसते त्याची थोडी अधिक असावी.

हे सारे आम्ही स्नेह्यांना गेल्या भेटीत ऐकविले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले व खिशातून एक छोटे यंत्र काढून टेबलावर ठेवले. इतर विमानांची दवंडी ऐकणारे यंत्र होते ते. “घेतलंय,” ते म्हणाले, “सक्ती व्हायच्या आधीच घेतलंय, हे लक्षात ठेवा.” नात सुटीवर घरी आलेली होती. तिने ते उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, “काका, हे फक्त ऐकतं. तुमचं नाव कोण सांगणार?” स्नेह्यांनी यंत्र परत खिशात टाकले आणि आमच्या सुनेकडे दुसरा कप चहा मागितला.