तीन मुठी वाळू

धर्माबाद मागे पडलं की रानाची काळी माती तीच राहते, कपाशी तीच, बाभळीही त्याच. डब्यातल्या बोलण्यात मात्र तेलुगू शब्द वाढत जातात. मग गोदावरीचा काठ जवळ येतो आणि बासर येतं.

मराठवाड्याला हे गाव परकं नाही. नांदेड-परभणीकडची माणसं लेकराचा हात पहिल्यांदा पाटीवर टेकवायला इथंच येतात. ज्ञानसरस्वतीच्या अंगावर हळदीचा लेप असतो आणि तीच हळद प्रसाद म्हणून जिभेवर ठेवतात. कथा सांगते, व्यासमुनी रोज गोदेत स्नान करून तीन मुठी वाळू आणत आणि त्या वाळूतून सरस्वती, लक्ष्मी आणि काली साकारल्या. हे गाव व्यासांचं, म्हणून व्यासर. त्याचंच पुढे बासर झालं. नदीकाठची साधी वाळू हाताच्या भक्तीनं देवी झाली, ही या गावची श्रद्धा.

पहाटे घाटावर बसावं. श्रीरामसागर धरणाचं पाणी इथवर चढलेलं असलं की पैलतीर धूसर होतो. उन्हाळ्यात तेच पात्र वाळूचे पट्टे उघडे टाकून अंग चोरून वाहतं. अंधार विरू लागतो तशी आधी टिटवी ओरडते. मग बगळे एकेक करून उथळात उतरतात. खांबावरचा खंड्या पाण्यात सूर मारतो आणि निळी रेघ ओढत परत जागेवर येतो. काठच्या रानातून ओल्या मातीचा वास येतो. पाणी, पीक, वारा, ओंजळीत मावेल एवढा उजेड. सारं एकाच वेळी समोर असतं. अशा वेळी माझ्या मनात 'वंदे मातरम्' झिंझोटी रागात उमटतं, संगीतकार मास्टर कृष्णरावांच्या चालीत.

आठवण नदीच्याच वाटेनं येते. मास्टर कृष्णराव जन्मले आळंदीला, २० जानेवारी १८९८ रोजी. पण आडनाव फुलंब्रीकर, म्हणजे गाव औरंगाबादेजवळचं फुलंब्री. त्या मुलखातली गिरजा पूर्णेला मिळते, पूर्णा गोदावरीला, आणि गोदावरी नांदेडवरून इथं येते. ज्या शिवाराचं नाव त्यांनी आयुष्यभर वागवलं, त्या शिवारावर पडलेला पाऊस या घाटाच्या पायऱ्या भिजवून पुढे जातो.

भास्करबुवा बखल्यांच्या या शिष्यानं गंधर्व नाटक मंडळीच्या रंगभूमीला चाली दिल्या. 'धर्मात्मा', 'गोपाळकृष्ण', 'माणूस', 'शेजारी' या प्रभातच्या चित्रपटांना संगीत दिलं. पण जीव गुंतला तो बंकिमचंद्रांच्या गीतात. ते गीत नीट वाचलं तर त्याच्या आरंभी ना शस्त्र आहे ना शत्रू. आहे ते पाणी, फळं, गार वारा, हिरवं पीक, चांदण्याची रात्र आणि फुललेली झाडं. आधी भूमीला आई म्हणायचं आणि मग तिला डोळे भरून पाहायचं, असा त्याचा क्रम आहे. मास्टरांनी त्याला झिंझोटी दिला. खमाज थाटातला हा राग लोकधुनांच्या अंगणात वाढलेला. शेतावरून घरी येणाऱ्या माणसाच्या गळ्यातही तो बसतो. हजारो कंठांनी एकत्र म्हणावं अशी चाल त्यांना हवी होती.

त्यासाठी त्यांनी किंमतही मोजली. इंग्रजी अमलात मुंबई रेडिओवर गाताना त्यांनी हे गीत सुरू केलं आणि त्यांचा आवाज मध्येच तोडला गेला. त्यांनी रेडिओवर गाणंच सोडलं. स्वातंत्र्य आल्यावर आक्षेप निघाला, की हे गीत समूहानं गाता येत नाही, बँडवर वाजत नाही. त्यांनी मुंबईच्या पोलीस बँडकडून ते वाजवून घेतलं आणि दिल्लीत संविधान सभेच्या सदस्यांसमोर प्रात्यक्षिकं केली. २४ जानेवारी १९५० रोजी 'जन गण मन' राष्ट्रगीत ठरलं आणि 'वंदे मातरम्'ला त्याच्या बरोबरीचा मान मिळाला.

हा काठही तेव्हा निजामाच्या राज्यात होता. १९३८ साली औरंगाबाद आणि हैदराबादच्या वसतिगृहांत मुलं प्रार्थना म्हणून हेच गीत गाऊ लागली. त्यावर बंदी आली, मुलांनी ती मानली नाही, म्हणून त्यांना काढून टाकण्यात आलं. नागपूर विद्यापीठानं त्यांतल्या अनेकांना जवळ केलं. ज्या मुलखात लेकराला पहिलं अक्षर देवीपुढे मिळतं, तिथंच वाढत्या पोरांना मातीला आई म्हटल्याबद्दल शाळा गमवावी लागली. १७ सप्टेंबर १९४८ ला हा मुलूख मुक्त झाला.

दूर स्पेनमधल्या कातालोनियात पाउ कासाल्स नावाचा असाच एक संगीतकार होता. हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत तो मायदेशी परतला नाही. मैफलींत तो आपल्या भूमीतलं एक जुनं लोकगीत चेलोवर वाजवी; त्याचं नाव 'पक्ष्यांचं गाणं'. १९७१ साली, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी, संयुक्त राष्ट्रांतही त्यानं तेच वाजवलं. त्याच वर्षी मास्टरांना पद्मभूषण मिळालं. दोघांची भाषा वेगळी, वाद्य वेगळं. पण भूमीची आठवण आली तेव्हा एकाला पाखरं आठवली, दुसऱ्यानं पाण्यापिकाचं गीत उराशी धरलं.

व्यासांनी वाळू उचलली, मास्टरांनी स्वर उचलले. दोघांनी समोरच्या भूमीलाच वंदनीय केलं. आणि आपण याच गोदेच्या पात्रात प्लास्टिक टाकतो, तिची वाळू ट्रॅक्टरनं उपसतो आणि सभेत उभं राहून तेच गीत म्हणतो. पाणी गढूळ करून त्याची स्तुती गाता येत नाही.

बासरला याल तेव्हा लेकराच्या पाटीवरची अक्षरं पूर्ण झाली की त्याला घाटावर न्या. टिटवी कोणती, खंड्या कोणता, ते दाखवा. मग ते गीत त्याला झिंझोटीत, सावकाश, पहिल्या शब्दापासून शिकवा. आणि निघताना आपला कचरा आपल्याच पिशवीत परत न्या.