सही कुणाची?

आमची कंपनी दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवते, आणि त्यातला रुग्णाच्या संमतीचा स्क्रीन गेली काही वर्षं माझ्या टीमकडे आहे. ऑपरेशन, भूल, रक्त चढवणं, एखाद्या औषधाच्या अभ्यासात सहभागी होणं, अशा गोष्टींआधी तो समोर येतो. वर मजकूर, खाली 'मला मान्य आहे' हे बटण. दर दोन-तीन महिन्यांनी मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणतंच, "हे फार लांबतंय, दोन ओळींत उरका. वाचतं कोण?" आणि दरवेळी मी भांडतो. टीममधली पोरं मला 'वकीलसाहेब' म्हणतात. माझ्या या हट्टामागे आपल्याच जिल्ह्यात घडलेली एक गोष्ट आहे. आपल्यातल्या तरुण मंडळींना ती माहीत असायचं कारण नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

गरुडेश्वरला जाताना आपण डभोईवरून जातो. डभोई, नर्मदाकाठचं शिनोर आणि पूर्वेकडचं राठवा आदिवासींचं कवांट (ते आता छोटाउदेपूर जिल्ह्यात गेलं) या बडोदे जिल्ह्यातल्या तीन तालुक्यांत २००९च्या ऑगस्टमध्ये १० ते १४ वर्षांच्या सुमारे १०,००० मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस द्यायला सुरुवात झाली. महिनाभर आधी तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात सुमारे १४,००० मुलींसाठी हेच काम सुरू झालं होतं. तिकडे मर्क कंपनीची गार्डासिल, आपल्याकडे ग्लॅक्सोस्मिथक्लाइनची सर्व्हारिक्स. लशी कंपन्यांनी फुकट दिलेल्या, पैसा गेट्स फाउंडेशनचा, काम 'पाथ' या अमेरिकी संस्थेचं, आणि बरोबर आपली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व दोन्ही राज्य सरकारं. यातल्या एकाही नावाकडे बघून कुणाला शंका आली नसती. मलाही आली नसती.

मग सात मुली दगावल्याची बातमी आली. पाच खम्ममच्या, दोन आपल्याकडच्या. एप्रिल २०१०मध्ये केंद्र सरकारनं सगळंच थांबवलं. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो आणि आमच्या घरात त्या बातमीचा एकच अर्थ लागला: लशीनं पोरी मेल्या.

तसं नव्हतं. चौकशी समितीला या मृत्यूंचा लशीशी संबंध आढळला नाही. साप चावणं, पाण्यात बुडणं, कीटकनाशक पोटात जाणं, ताप अशी कारणं निघाली. वाचायला भयंकर आहेत, पण गरीब खेड्यांत मुलं ज्या कारणांनी जातात तीच आहेत.

खरी गोची कागदात होती. लस देशात २००८ सालीच मंजूर झालेली, म्हणून या उपक्रमाला 'क्लिनिकल ट्रायल' म्हटलंच गेलं नाही, 'प्रात्यक्षिक प्रकल्प' म्हटलं गेलं. नाव बदललं की नियमही बदलतात. ट्रायल म्हटलं की विमा आला, भरपाई आली, दुष्परिणामांची वेळच्या वेळी नोंद आली. प्रात्यक्षिकाला यातलं काही बंधनकारक राहत नाही. ऑगस्ट २०१३मध्ये संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीनं आपल्या ७२व्या अहवालात यावर कडक ताशेरे ओढले. हे सगळं सरकारी लसीकरणात आपली लस घुसवण्यासाठी चाललं होतं, असा समितीचा रोख होता. 'पाथ'नं तो आरोप नाकारला. हेतूंबद्दल मी बोलणार नाही, हेतू कागदावर दिसत नाहीत. सह्या दिसतात. आंध्रातल्या ९,५४३ संमतीपत्रांपैकी १,९४८ वर अंगठे होते आणि २,७६३ वर वसतिगृहाच्या वॉर्डनची सही होती.

वॉर्डनची! मुलगी आश्रमशाळेत राहते, आईबाप लांबच्या पाड्यावर, मग कुणी त्यांच्यापर्यंत जायचं? राज्य सरकारनंच मुख्याध्यापक आणि वॉर्डन यांना सही करायची मुभा दिली होती. माझ्या भाषेत सांगायचं तर फॉर्ममधला आवश्यक रकाना भरला गेला, सिस्टिमनं हिरवा टिकमार्क दाखवला आणि पुढचं पान उघडलं. तो रकाना कशासाठी ठेवला होता हे मात्र कुणी विचारलं नाही. आणि अंगठ्यांचं म्हणाल, तर अंगठा हीही संमतीच असते, माझ्या पणजीचाही अंगठाच असायचा. पण अंगठा उठवण्याआधी कुणीतरी शेजारी बसून तिच्या भाषेत वाचून दाखवायला हवं, आणि तिनं 'नको' म्हटलं तर तेही चालेल असं वाटायला हवं.

हे सगळं मी पुन्हा खोदून काढलं ते गेल्या वर्षी, दादाच्या मुलीमुळे. पुतणी अकरा वर्षांची झाली आणि मुलांच्या डॉक्टरांनी एचपीव्ही लशीचा विषय काढला. आई एकदम म्हणाली, "अरे, त्याच लशीनं गेल्या ना कवांटच्या पोरी? नको रे बाबा." दादा नेहमीप्रमाणे गप्प. वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही एवढं वाचता, मला स्पष्ट सांगा. द्यायची की नाही?"

गंमत म्हणावी की काय, पण लशीला सर्वांत जास्त विरोध करणाऱ्या आईची सख्खी थोरली बहीण याच आजारानं गेली. आम्हा मुलांना तेव्हा 'मावशीला पोटाचं दुखणं आहे' एवढंच सांगितलेलं. दुखणं कळेपर्यंत फार उशीर झाला होता, आणि उशीर होण्याचं अर्धं कारण लाज हे होतं. आजही भारतात वर्षाला सुमारे १,२७,००० बायकांना हा कर्करोग होतो आणि ८०,०००च्या आसपास बायका त्यानं जातात. तो विषाणूमुळे होतो हे दाखवल्याबद्दल हाराल्ड त्सूर हाउझन यांना २००८चं नोबेल मिळालं. या विषाणूच्या १६ आणि १८ क्रमांकाच्या दोन प्रकारांमुळेच दहातले साधारण सात कर्करोग होतात, आणि लस त्या दोघांना अडवते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक २०२३पासून मिळायला लागली आहे.

म्हणून मी वहिनींना सांगितलं, "द्या. नक्की द्या." आणि आईला सांगितलं, की कवांटमध्ये चुकलं ते सुईत नव्हतं, सुई टोचायच्या आधीचं होतं. आईला हे पटायला बरेच दिवस लागले. तिचं म्हणणं साधं होतं: ज्यांनी धड विचारलं नाही, त्यांनी दिलेलं औषध तरी धड कशावरून? यावर माझ्याकडे आकडे होते, पण तिचा प्रश्न आकड्यांचा नव्हता. न विचारता केलेल्या चांगल्या कामाचं असंच होतं. पंधरा वर्षांनंतरही बडोद्यातली एक शिकलेली, निवृत्त शिक्षिका त्या लशीला घाबरते, तर कवांटच्या एखाद्या घरात काय बोलत असतील?

त्याच गदारोळात आणखी एक गोष्ट घडली. फ्रान्समधल्या ल्यों इथली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था तेव्हा भारतात वेगळा अभ्यास करत होती. आपल्या बार्शी आणि पुण्याच्या केंद्रांत, अहमदाबादेतही. तीन डोसांऐवजी दोन पुरतील का, हा त्यांचा प्रश्न होता. २०,००० मुलींना लस द्यायची होती, पण एप्रिल २०१०च्या आदेशानं तेही मध्येच थांबलं. १७,७२९ मुली झाल्या होत्या आणि त्यातल्या जवळपास ५,००० जणींना एकच डोस मिळाला होता. संशोधकांनी त्यांना सोडलं नाही, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. त्या मुली मोठ्या झाल्या, अनेकींची लग्नं झाली, तरी त्या नमुने देत राहिल्या. २०२१मध्ये निष्कर्ष छापून आले: दहा वर्षांपर्यंत एका डोसचं संरक्षण तीन डोसांइतकंच. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं एक डोसही चालेल असं सांगितलं. जगातल्या गरीब देशांचा खर्च आणि धावपळ त्यानं केवढी वाचली.

म्हणजे बंदीतून एक मोठा शोध लागला. माझे काही मित्र यावर खूश होऊन म्हणतात, बघ, शेवटी चांगलंच झालं की. मला तसं म्हणवत नाही. त्या पाच हजार जणींनी एका डोसच्या प्रयोगाला होकार दिलाच नव्हता, त्या प्रयोगात त्या अपघातानं सापडल्या. पण नंतर दहा वर्षं त्या दरवेळी आल्या तो होकार मात्र त्यांचा स्वतःचा होता, आणि माझ्या मते शोधाचं निम्मं श्रेय तिथे जातं.

घरी आता नवाच पेच उभा राहिला. पुतणीला सांगायचं काय? हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो. वहिनी म्हणाल्या, "एवढ्यात कशाला? ताकदीचं इंजेक्शन आहे म्हणू." मी म्हटलं, "वहिनी, वॉर्डननं याहून वेगळं काय केलं?" त्या चिडल्या. दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलल्या, आणि ते बरोबरच होतं, आई आणि वॉर्डन यात फरक आहे. पण तिसऱ्या दिवशी रात्री त्या मुलीला घेऊन गच्चीवर गेल्या. तासाभरानं दोघी खाली आल्या. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुतणीचे प्रश्न सुरू झाले. दुखतं का? मुलगे का घेत नाहीत? (घेऊ शकतात, लस त्यांच्यासाठीही आहे.) आजीच्या बहिणीला ही मिळाली असती तर? त्या प्रश्नाला आईनंच उत्तर दिलं. मावशीच्या आजाराचं खरं नाव आमच्या घरात पहिल्यांदा तेव्हा उच्चारलं गेलं.

पहिला डोस दिवाळीच्या सुट्टीत झाला, दुसरा सहा महिन्यांनी. फॉर्मवर कायद्याप्रमाणे दादाची सही, मुलीच्या सहीला त्यात जागाच नव्हती. परत येताना ती गाडीत मागे आजीला टेकून बसली होती. दंड चोळत म्हणाली, "काका, कवांटच्या त्या मुली आता केवढ्या असतील?"

"पंचविशीच्या पुढे. काहींच्या मुली शाळेत जात असतील."

"मग त्यांच्या मुलींना लस द्यायला कुणी गेलं तर त्या हो म्हणतील?"

आई म्हणाली, "कोण विचारायला जातंय त्यावर आहे ते."