पवनेच्या पाण्यातली दुसरी कमान

पिंपरी-चिंचवड म्हटले की भोंगा, शेड आणि शिफ्टची बस एवढेच डोळ्यांपुढे येते. निसर्गाचे फोटो काढायचे तर महाबळेश्वरच गाठले पाहिजे, असा अनेकांचा समज. पण या कामगारनगरीच्या मधून पवना वाहते, उत्तरेच्या शिवेवरून इंद्रायणी, आणि ती ओलांडली की चाकणचा कारखान्यांचा पट्टा. आपल्या दारातही पाणी आहे.

आम्ही सुटीच्या दिवशी मुलांना घेऊन रावेतला जातो. तिथे पवनेवर कमानीचा पूल आहे. लोक त्याला बास्केट ब्रिज म्हणतात. पहाटे वारा पडलेला असला की वर एक कमान आणि पाण्यात दुसरी दिसते. ऊन चढले की वारा सुटतो आणि चित्र मोडते. म्हणून लवकर उठावे.

फोटो उभ्याने काढू नये. खाली बसून कॅमेरा किंवा मोबाइल पाण्यालगत धरावा. नजर जितकी तिरपी, तितका जास्त उजेड पाण्यावरून परततो. फोकस पाण्यावर नको, पुलावर धरावा. प्रतिबिंबही तितकेच लांब असते. ते मूळ वस्तूपेक्षा थोडे गडद येते, तो दोष समजू नये. पोलरायझर फिल्टर असल्यास काढून ठेवावा. त्याने प्रतिबिंब पुसले जाऊ शकते. काठाची रेघ मधोमध आली तरी चालेल, पण पाण्यातल्या कमानीचे टोक कापू नये.

पावसाळ्यात मात्र काठावर उतरू नये. इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा जुना पूल १५ जून २०२५ रोजी कोसळला आणि चार जणांचा जीव गेला.

वाचकहो, खरी अडचण कॅमेऱ्याची नाही. उन्हाळ्यात या नद्यांवर जलपर्णी पसरते. मूळची दक्षिण अमेरिकेची ही वनस्पती सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर झपाट्याने वाढते. मग पाण्यात आभाळ दिसत नाही, नुसते हिरवे रान दिसते. आळंदीला इंद्रायणीवर तरंगणारा पांढरा फेसही दुरून बर्फासारखा सुंदर वाटतो. पण तो प्रदूषणाचा फेस आहे.

काही हौशी मंडळी जलपर्णी टाळून स्वच्छ कोपरा तेवढा टिपतात. आम्हाला ते पटत नाही. एकाच जागेवरून, एकाच कोनातून हिवाळ्यात एक आणि उन्हाळ्यात एक फोटो काढावा, मागे तारीख लिहावी आणि दोन्ही घरात शेजारी-शेजारी लावावेत. पूल तोच, खालची कमान तेवढी नाहीशी. ती कुठे गेली, हे मुले विचारतील. उत्तर द्यायला त्यांना नाल्याच्या तोंडापर्यंत घेऊन जावे.