पान्हा आणि कोयता

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत, कराडच्या प्रसूतिगृहात असो वा जत-माणच्या वस्तीवर, बाळंतिणीभोवती पहिल्या आठवड्यात जे वाक्य हमखास उच्चारले जाते ते म्हणजे ‘दूध पुरत नाही’. आईच्या अंगात खरोखरच कमी दूध तयार होणे ही गोष्ट घडते, पण ती विरळा. बहुतेक घरांत या तक्रारीच्या मुळाशी बाळाला किती वेळा आणि कसे पाजले गेले हा प्रश्न असतो, आणि त्याहीमागे, पाजण्यासाठी त्या बाईला किती मोकळीक मिळाली हा.

प्रसूतीनंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत जे दाट, पिवळसर दूध थेंबाथेंबाने येते त्याला चीक किंवा चिकाचे दूध म्हणतात. ते चमचाभरच असते आणि तेवढेच पुरते, कारण पहिल्या दिवशी नवजात बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम पाच-सात मिलिलिटर मावते. शिवाय आईच्या शरीराने आयुष्यभर केलेल्या रोगप्रतिकाराचा मोठा वाटा याच दुधातून बाळाकडे येतो. वार पडली की गर्भधारणेत दूध रोखून धरणारे प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक उतरते, आणि साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध भरभरून येऊ लागते. त्यानंतर मात्र सगळा कारभार बाळाच्या ओढण्यावर चालतो: बाळ ओढते तेव्हा दूध तयार करणारे प्रोलॅक्टिन स्रवते आणि तयार दूध बाहेर ढकलणारे ऑक्सिटोसिनही स्रवते, ज्याच्या परिणामाला पान्हा फुटणे असे म्हटले जाते. स्तन रिकामा झाला की अधिक दूध बनते, भरून राहिला की निर्मिती मंदावते. म्हणूनच रडणाऱ्या बाळाला वरचे दूध देऊन शांत केले की पुढच्या वेळी ते आईकडे कमी ओढते, दूध खरेच कमी होते, आणि ‘पुरत नाही’ हे भाकीत आपोआप खरे ठरते.

या भागातील माहेरच्या बाळंतपणाने मोकळिकीचा हा प्रश्न फार पूर्वी आपल्या परीने सोडवला होता. सव्वा महिना बाळंतीण कामाला हात लावत नाही, तिला शेक-शेगडी मिळते, अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू मिळतात, रात्री बाळ रडले तर उठायला आई-आजी असतात. अळिवाने दूध वाढते याला भक्कम पुरावा नाही. पण पाजणाऱ्या बाईला पहिले सहा महिने रोज सुमारे ६०० उष्मांक जास्त लागतात असे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०१० साली सुचवले होते, आणि गूळ, तूप, खोबरे घालून केलेला लाडू ती गरज चांगली भागवतो. या व्यवस्थेचे खरे मोल त्या लाडवाहूनही तिने दिलेल्या सवडीत आहे. तिच्याबरोबर आलेल्या काही चाली मात्र सोडायलाच हव्यात. बाळंतिणीला पाणी कमी देणे, बाळाला मध चाटवणे, गूळपाणी किंवा गुटी देणे यांचा उपयोग शून्य आणि धोका खरा. मधातून तर वर्षाच्या आतील बाळाला स्नायू लुळे पाडणारी विषबाधा होऊ शकते. काही घरांत आईचा पहिला चीक पिळून टाकला जात असे. दुधाचा जोडधंदा करणाऱ्या या पट्ट्यात व्यालेल्या म्हशीचा चीक कोणी ओतून देत नाही, त्याचा खरवस करून शेजारीपाजारी वाटतात, हे लक्षात घेतले तर ती रीत अधिकच विचित्र वाटते.

आता बाळंतपण दवाखान्यात होते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशातील ८८.६ टक्के प्रसूती आरोग्यसंस्थांत झाल्या. मात्र तीन वर्षांखालील मुलांपैकी जन्मानंतर तासाभरात आईचे दूध मिळालेली मुले ४१.८ टक्केच निघाली. या दोन आकड्यांमधील अंतराची जबाबदारी सासू-आजीवर ढकलता येणार नाही. शस्त्रक्रियेनंतर आई एका खोलीत आणि बाळ दुसऱ्या खोलीत, हे त्याचे एक मोठे कारण आहे. वास्तविक कमरेखाली भूल दिलेल्या आईच्या उघड्या छातीवर बाळ ठेवणे बहुतेक वेळा शक्य असते. दुसरे कारण म्हणजे बाळाने स्तन नीट धरला आहे की नाही हे पाहायला कोणी बसत नाही. बाळाच्या तोंडात केवळ बोंडी नव्हे तर भोवतालच्या काळ्या भागाचाही बराचसा हिस्सा जायला हवा, हनुवटी स्तनाला टेकलेली आणि खालचा ओठ बाहेर वळलेला असावा. तसे नसेल तर बोंडीला चिरा पडतात आणि आई दर वेळी दात-ओठ आवळून पाजते. दूध पुरते की नाही हे रडण्यावरून ठरवू नये: पाचव्या-सहाव्या दिवसापासून बाळ दिवसातून सहा किंवा अधिक वेळा लघवी करत असेल आणि पहिल्या दिवसांत घटलेले वजन साधारण दोन आठवड्यांत भरून निघत असेल, तर दूध पुरते आहे.

या विषयातील महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली, आणि स्तनपानाच्या प्रसारासाठी झटणारे देशव्यापी जाळे, बीपीएनआय, १९९१ च्या डिसेंबरात वर्ध्यात स्थापन झाले. पुढच्याच वर्षी संमत झालेल्या कायद्याने बाळाच्या पावडरीची आणि बाटल्यांची जाहिरात करणे, नमुने फुकट वाटणे यांवर बंदी घातली.

त्या कायद्याचा अर्थ शांत काळापेक्षा संकटात अधिक कळतो. ऑगस्ट २०१९ मध्ये, नेमक्या जागतिक स्तनपान सप्ताहाच्या दिवसांत, कृष्णेचे पाणी चढत गेले आणि सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या पुढे गेले. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. अशा वेळी मदत म्हणून दुधाची पावडर पाठवावीशी वाटणे स्वाभाविक असले तरी पावडर मुळात निर्जंतुक नसते, ती किमान ७० अंश सेल्सिअसच्या पाण्यात कालवावी लागते, आणि पूरग्रस्तांच्या छावणीत स्वच्छ पाणी आणि इंधन याच दोन गोष्टींची टंचाई असते. ‘धास्तीने दूध आटले’ असे सर्रास म्हटले जाते. भीतीने ऑक्सिटोसिन रोखले जाऊन पान्हा काही काळ फुटत नाही हे खरे, पण दूध बनणे थांबत नाही. आडोसा, धीर देणारे माणूस आणि छातीशी बाळ एवढे मिळाले की तो पुन्हा फुटतो. ज्या बाळाला आईच उरलेली नाही त्याची सोय वेगळी, आणि ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावी.

पण पूर ओसरतो. या दोन जिल्ह्यांत दरवर्षी ठरल्या वेळी येणारी आणि कोणी आपत्ती न म्हणणारी स्थिती म्हणजे उसाचा हंगाम. दिवाळीच्या आगेमागे बीड आणि इतर दुष्काळी भागांतून टोळ्या कृष्णाकाठी उतरतात, रेठऱ्यापासून साखराळ्यापर्यंत कारखान्यांच्या परिसरात त्यांच्या कोपी, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, उभ्या राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, मुकादमाकडून उचल दोघांच्या नावावर घेतलेली असते, मजुरी टनावर मिळते आणि खाडा पडला की पैसे कापले जातात. पहाटे फडात शिरलेली बाई ऊस साळते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहून गाडीत भरते. तिचे तान्हे मूल बांधावर झोळीत असते आणि झोळीपाशी अनेकदा सात-आठ वर्षांची मोठी बहीण. मूल दिवसातून आठ ते बारा वेळा प्यायला हवे, हे इथे सांगणे म्हणजे त्या बाईला दर दोन-तीन तासांनी काम टाकायला सांगणे होय. ते जमले नाही की स्तन दगडासारखे होतात, गाठी धरतात, ताप येतो, आणि काही आठवड्यांत दूध खरोखरच ओसरते.

तरीही फडात करता येण्याजोगे पुष्कळ आहे. मार्चच्या उन्हातही सहा महिन्यांच्या आतील बाळाला वरून पाणी लागत नाही, कारण आईच्या दुधात ८७ टक्क्यांच्या आसपास पाणीच असते. पाणी लागते ते आईला, आणि ते फडापर्यंत पोचवणे गाडी पोचवण्याहून अवघड नाही. रात्री प्रोलॅक्टिन अधिक स्रवते, त्यामुळे रात्रीचे पाजणे टिकले तर दिवसाचा खंड काही अंशी भरून निघतो. हाताने काढलेले दूध झाकून सावलीत ठेवले तर सुमारे चार तास चालते आणि ते बाटलीने न देता वाटी-चमच्याने किंवा जुन्या बोंडल्याने पाजता येते. दोन्ही भांडी उकळणे सोपे. मात्र हे पाजणारे माणूस सात वर्षांची मुलगी असता कामा नये. टोळीतल्या एखाद्या वयस्क बाईला रोजची मजुरी देऊन पाच-सात बाळांपाशी बसवले, तर मुलीची शाळा आणि बाळाचे दूध दोन्ही वाचतील, आणि या मजुरीचा भार साखरेच्या एवढ्या मोठ्या उलाढालीत जाणवणारही नाही.

१९४८ च्या कारखाना कायद्याने तीसपेक्षा अधिक स्त्रिया कामाला असलेल्या कारखान्यावर पाळणाघराची सक्ती केली, आणि १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी रोज दोन सुट्ट्या दिल्या. ऊसतोड करणारी बाई कारखान्याच्या हजेरीपटावर नसते, मुकादमाच्या वहीत असते, आणि तिथेही बहुधा नवऱ्याच्या नावाखाली. पाजायला निघण्यासाठी सुट्टी मागायची ती कोणाकडे, हे त्यामुळे ठरलेलेच नाही. गावच्या आशाताईने नव्याने पडलेल्या कोपींत जाऊन तान्ह्या मुलांची आणि दिवस गेलेल्या बायांची यादी हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात केली, तर निदान कोणत्या फडात किती झोळ्या बांधल्या आहेत एवढे तरी कारखान्याच्या शेती कार्यालयाला माहीत होईल. उसाच्या टनांची नोंद तिथे रोज होतच असते.