कट्ट्याला प्रदक्षिणा

आमच्या लहानपणी स्टेशनच्या फलाटावर वजनाचे यंत्र असे. नाणे टाकले की रंगीत दिवे लुकलुकत, आत कुठे तरी घरघर होई आणि पुठ्ठ्याचे एक चिमुकले तिकीट टपकन खाली पडे. त्याच्या एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला भविष्य. मी ती तिकिटे जमवीत असे. वजनाच्या बाजूकडे मात्र ढुंकूनही पाहत नसे. त्या वयात वजन असते कुणाला? भविष्य असते!

गेल्या वर्षी दिवाळी आटोपल्यावर आमच्या डॉक्टरांकडे काट्यावर उभा राहिलो, तेव्हा त्या तिकिटांची आठवण झाली. काटा ८६ किलो ४०० ग्रॅमवर येऊन थांबला. उंची पाच फूट पाच इंच. डॉक्टरांनी टेप घेऊन पोटाचा घेर मोजला. १०४ सेंटिमीटर! आपल्याकडच्या पुरुषाचा तो ९०च्या आत असावा म्हणतात. "लग्नात किती होता?" त्यांनी विचारले. मी म्हणालो, "लग्नात नवरदेवाचं पोट कोण मोजतं?"

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "वजनाची बाजू पाहिलीत. भविष्याची वाचून दाखवू? तुमचे वडील कितव्या वर्षी गेले?"

वडील अठ्ठावन्नाव्या वर्षी गेले. रात्री जेवून उठले, छातीत कळ आली, आणि टॅक्सी दारात येईपर्यंत सगळे संपले होते. मला सत्तावन्न पूर्ण होत होती. घरी येताना मी एक अवाक्षर बोललो नाही. सौ.ने विचारले, तेव्हा "फिरायला जा म्हणाले" एवढेच सांगितले.

दुसऱ्या दिवसापासून पहाटे साडेपाचला शिवाजी पार्क. मुलाने पुण्याहून पावले मोजणारे घड्याळ पाठवले. बूट असे आले की, त्यांच्या किमतीत माझ्या वडिलांनी जन्मभर चपला वापरल्या असत्या. पार्काचा कट्टा १.१७ किलोमीटर लांबीचा आहे. म्हणजे चार फेऱ्या केल्या की पावणेपाच किलोमीटर झाले. पहाटेच्या वेळी तिथे सारी मुंबई प्रदक्षिणा घालत असते. हात आडवे फेकत जाणारे (यांच्या शेजारून जाऊ नये), कानात काही घालून एकटेच मान हलवणारे, आणि कुत्र्याला फिरवायला आणून स्वतःच त्याच्यामागे फरफटत जाणारे. मधल्या मैदानात क्रिकेटची पोरे लाल धूळ उडवीत असतात. पहिल्या आठवड्यात दीड फेरीतच मला धाप लागे. मग मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकत असे. त्या आठवड्यात माझ्या नाड्या फारच सुटत होत्या.

पंधरा दिवसांत चार फेऱ्या होऊ लागल्या आणि एक मंडळही मिळाले. निवृत्त बँक मॅनेजर, एक विमा एजंट, आणि एक गृहस्थ, ज्यांचा व्यवसाय काय ते आम्हाला कधीच कळले नाही. चौथी फेरी संपली की मंडळ जवळच्या गाडीवर जाई. "एवढं चाललोय, एक वडापाव खायला काय हरकत आहे?" हा ठराव रोज एकमताने मंजूर होई.

महिन्याने वजन केले. ८६ किलो ९०० ग्रॅम.

मी डॉक्टरांशी भांडलोच. त्यांनी शांतपणे औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीवर हिशेब मांडला. माझ्या वजनाचा माणूस तासभर बऱ्यापैकी वेगाने चालला, तर ढोबळमानाने तीनशेच्या आसपास उष्मांक जळतात. एका वडापावात साधारण तेवढेच असतात. शरीरावरची एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० उष्मांक. "म्हणजे वडापाव नसता, तर सव्वीस दिवसांत एक किलो गेला असता," ते म्हणाले. "तुम्ही तो गाडीवर जाऊन रोज हप्त्याहप्त्यानं परत आणलात." चालण्याने भूक लागते आणि भूक मोठी हिशेबी असते, दिलेले सगळे व्याजासह वसूल करते, हे मला सत्तावन्नाव्या वर्षी कळले. ज्याला नुसते चालूनच बारीक व्हायचे असेल, त्याच्या अंगी पोस्टमनची नोकरी आणि साधूची चिकाटी हवी. पण चालण्याने रक्तदाब उतरतो, साखर ताब्यात राहते, हृदयाचा फायदा होतो, मग काटा हलो न हलो. वजन उतरायला ताटाकडे पाहावे लागते.

मी ताटाकडे पाहिले. मंडळाला रामराम केला. पाच महिन्यांत साडेचार किलो उतरले, आणि माझी जीभ मात्र वजनदार झाली. भेटेल त्याला मी ज्ञान देऊ लागलो. दहा हजार पावलांचे गणित कुठून आले? १९६५ साली जपानमध्ये पावले मोजण्याचे एक यंत्र विकायला निघाले, त्याच्या नावाचा अर्थच 'दहा हजार पावले मोजणारे'. तो आकडा काही एखाद्या वैद्याने ठरवलेला नव्हे. हल्लीच्या संशोधनातून तर सात-आठ हजारांपाशीच बराचसा फायदा पदरात पडतो असे दिसते. वेग किती असावा? बोलता यावे, पण गाता येऊ नये. (मला एरवीही गाता येत नाही, त्यामुळे माझा वेग जन्मजातच योग्य आहे.) हे सारे मी जेवताना सांगत असे. सौ. "हो का?" म्हणत पोळी वाढीत असे.

जूनमध्ये, पहिल्या पावसात, मी कौतुक ऐकायला डॉक्टरांकडे गेलो. सौ. बरोबर होती, कारण छत्री एकच होती. डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली आणि सहज तिला विचारले, "वहिनी, तुमची साखर कधी पाहिली होती?" तिला आठवेना. मलाही आठवेना. मला माझे १०४ सेंटिमीटर पाठ होते, पाच महिन्यांची दर आठवड्याची वजने पाठ होती.

तिची तीन महिन्यांची सरासरी साखर ७.४ निघाली. साडेसहाच्या वर गेली की मधुमेह म्हणतात.

"आता तुम्हीही फिरायला जायचं," डॉक्टर म्हणाले. तिने विचारले, "कधी?" आवाजात तक्रार नव्हती, खरोखरीचा प्रश्न होता. पावणेपाचला उठून ती मला पाणी गरम करून देई, चहा देई. मी गेलो की मुलीचा डबा, पाणी भरणे, दूध. मी घामाघूम होऊन परत येई, तेव्हा माझ्यापुढे भिजवलेले मूग तयार असत. माझ्या चार फेऱ्या तिच्या त्या दीड तासावर उभ्या होत्या. मी पावले मोजली, ती कुणाच्या जिवावर, ते मोजले नव्हते. "मी दिवसभर घरात चालतेच की," ती म्हणाली. घड्याळ तिच्या हाताला बांधून पाहिले, रात्रीपर्यंत साडेचार हजार पावले भरली. डॉक्टर म्हणाले, तीही उपयोगाचीच, पण ओटा ते टेबल अशा तीन-तीन पावलांनी दम लागत नाही. रोज थोडे सलग चाला, आणि जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे, म्हणजे साखर एकदम वर चढत नाही.

मुलगी आता स्वतःचा डबा स्वतः करते. पहिले काही दिवस त्यात काय असे, ते विचारू नये. चहा मी करतो. दूध आम्ही दोघे येताना आणतो.

पण बरोबर चालणे जमेना. मी पुढे जाई, मग थांबून मागे वळून पाही, आणि ती संकोचून धावल्यासारखी येई. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "अहो, तुम्ही असं परीक्षकासारखं बघू नका. मी उलट बाजूनं जाते." तेव्हापासून गणपतीच्या देवळापासून दोघे दोन दिशांना निघतो आणि समोरासमोर भेटतो. सुरुवातीला, मी कट्ट्याचा दोनतृतीयांश भाग ओलांडला की मग ती दिसे, साडीचा पदर खोचून, चपला फटकारत. पुढे बूट आले. ते दुकानात घालून पाहतानासुद्धा ती लाजली होती.

गोळ्या चालूच आहेत. सप्टेंबरमध्ये साखर ६.६ आली. माझे वजन ८०.८वर अडून बसले आहे. अठ्ठावन्नावे वर्ष सुरू आहे. रात्री जेवून उठताना मी अजून क्षणभर छातीवर हात ठेवतो. आजवर मला वाटत होते, हे कुणाला दिसत नाही. पण मी हात ठेवला की ती म्हणते, "चला, शतपावलीला."

परवा पहाटे देवळापासून निघालो. निम्म्या कट्ट्यावर एक मोठे झाड आहे. हल्ली आमची गाठ तिथेच पडते. त्या दिवशी झाड पुष्कळच लांब होते आणि ती समोरून येताना दिसली.

"आज बरं नाही का वाटत?" तिने विचारले, आणि न थांबता पुढे गेली.