घड्याळ आणि वाफारा

माणसांचे दोन वर्ग आहेत : आंघोळीला जाताना मनगटावरचे घड्याळ काढून ठेवणारे आणि न काढणारे. गरीब-श्रीमंत, पुणेकर-मुंबईकर हे बाकीचे भेद वरवरचे आहेत. मी जन्माने पहिल्या वर्गातला. घड्याळच काय, पण चष्मा, अंगठी आणि खिशातले पेनसुद्धा न्हाणीघराच्या बाहेर मांडून ठेवतो आणि मगच आत जातो. भांडणाला निघालेला माणूस चीजवस्तू शेजाऱ्याकडे ठेवून जातो ना, तसा.

माझा थोरला भाऊ दुसऱ्या वर्गातला. दादा माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा. गोदीत उमेदवारी करून तो बोटीवर इंजिनिअर झाला आणि जवळजवळ तीस वर्षे त्याने बोटीच्या पोटात काढली. १९९४ मध्ये सिंगापूरला त्याने एक स्विस घड्याळ घेतले. त्याच्या तेव्हाच्या दोन महिन्यांच्या पगाराचे. ते आमच्या घरात आले तेव्हा आई म्हणाली, "यात काय जमीन आली असती रे!" आणि वडील काहीच बोलले नाहीत. याचा अर्थ ते आईशी पूर्ण सहमत होते.

मी त्या वेळी शाळेत होतो. पण पुढे एम.ए. झालो, आणि एम.ए. मराठी झालेल्या माणसाला पहिली दोन वर्षे जे होते ते मलाही झाले. जगातली प्रत्येक महाग वस्तू मला हास्यास्पद वाटू लागली. एकदा दादा सुट्टीवर आला असताना मी त्याला म्हटले, "दादा, माझं साधं घड्याळही तीच वेळ दाखवतं." माझ्या वसतिगृहाचे पैसे त्याच्या डॉलरांतून येत होते, ही गोष्ट बोलताना माझ्या लक्षात नव्हती असे म्हणता येणार नाही. लक्षात होती म्हणूनच मी बोललो असेन. दादा हसला. "तीच दाखवतं," तो म्हणाला, "पण खाली नाही."

'खाली' म्हणजे इंजिनघरात. दादाच्या भाषेत जगाचे दोनच भाग होते, खाली आणि वर. तांबड्या समुद्रातून बोट जाताना खाली पंचेचाळीस अंशांच्या वर तापमान जाते. बोटीचे जड तेल गार असताना डांबरासारखे घट्ट असते. ते अठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपास तापवून गाळावे लागते, आणि तापवायला वाफ लागते. वाफेचे नळ कुठे ना कुठे फुसफुसतच असतात. अशा ठिकाणी चार-चार तासांची पाळी करायची, ठरल्या वेळी दाब आणि तापमान वहीत नोंदवायचे. या पाळीला बोटीवर 'वॉच'च म्हणतात. दादाचा वॉच बरीच वर्षे चार ते आठ होता, पहाटे एकदा आणि संध्याकाळी एकदा. पाळी संपली की कपड्यांसकट शॉवरखाली उभा राहायचा, आणि घड्याळ हातावरच. गावी आला की आमच्या राजापूरजवळच्या उन्हाळ्याच्या गरम झऱ्यावरही तो तसाच उतरे. त्या पाण्याला गंधकाचा वास. वहिनींच्या चांदीच्या जोडव्या तिथे काळवंडल्या म्हणून त्या दादाला सांगत, "अहो, घड्याळ तरी काढा." पोलादाला गंधकाचे काही वाटत नाही, आणि दादाला तर कशाचेच नाही.

२०२३ मध्ये तो निवृत्त होऊन गावच्या घरी राहायला आला. त्या दिवाळीत निघताना त्याने ते घड्याळ माझ्या हातात ठेवले. मी गडबडलो. तो म्हणाला, "मला आता वॉच नाही. घड्याळ घेऊन काय करू? तुला तासाला जायचं असतं."

आता मी मराठीचा प्राध्यापक. मला वस्तू मिळाली की आधी तिचा शब्द चाळवतो. घड्याळाच्या मुळाशी घटिका आहे आणि घटिकेच्या मुळाशी घट. पूर्वी लग्नात बोहल्याजवळ पाण्याचे घंगाळ असे आणि त्यात तळाला बारीक भोक पाडलेली तांब्याची वाटी तरंगत असे. पाणी हळूहळू आत शिरून वाटी बुडाली की चोवीस मिनिटे झाली, म्हणजे एक घटिका. अशा साठ वाट्या बुडाल्या की दिवस आणि रात्र. आमच्या पूर्वजांचे घड्याळ पाणी आत येऊ देऊनच चालत होते! माझ्या हाती आलेल्या घड्याळाची सारी कारागिरी मात्र पाणी बाहेर ठेवण्यात खर्ची पडलेली. पाठीमागचे झाकण आट्यांचे, चावीही आट्यांची, आणि प्रत्येक फटीत रबराची बारीक कडी.

या विद्येचा डंका प्रथम वाजला तो १९२७ मध्ये. मर्सिडीस ग्लाइट्झ नावाच्या इंग्रज तरुणीने त्या ऑक्टोबरात इंग्लिश खाडी पोहून पार केली. पण लगेच दुसऱ्या एका बाईने आपणही पोहल्याची थाप मारली, ती उघडकीला आली, आणि संशयाचे शिंतोडे ग्लाइट्झबाईंवर उडाले. म्हणून २१ ऑक्टोबरला त्या पुन्हा पाण्यात उतरल्या. या खेपेला रोलेक्सच्या हान्स विल्सडॉर्फने दिलेले 'ऑयस्टर' घड्याळ त्यांच्या गळ्यात होते. त्या गारठ्यात दहा तासांहून अधिक काळ त्या पोहल्या आणि शेवटी त्यांना अर्धवट शुद्धीत वर ओढून घ्यावे लागले. बाई पोहोचल्या नाहीत. घड्याळ मात्र चालू होते. पुढच्या महिन्यात 'डेली मेल'च्या पहिल्या पानभर त्याची जाहिरात झळकली. ज्या बाईच्या शब्दावर लोक विश्वास ठेवीनात, तिच्या गळ्यातल्या यंत्रावर त्यांनी लगेच ठेवला! पण ते पाणी गार होते, हे ध्यानात असू द्या. पुढे त्याची गरज पडणार आहे.

ते घड्याळ मी कसे वापरले? वापरले नाही. कपाटात ठेवले. पुण्यातल्या गर्दीत एवढी मोलाची वस्तू हाताला लावून बसमध्ये लोंबकळायचे म्हणजे काय! हे घड्याळ हाताच्या हालचालीने स्वतःला चावी देणाऱ्या जातीचे. कपाटात पडले की दोन दिवसांत बंद. मग दर सोमवारी मी त्याची चावी आट्यांतून सोडवून वेळ लावी, चावी दाबून बसवी, आणि फिरवून आवळायचे विसरे. विसरे म्हणजे, आवळायची असते हे मला माहीतच नव्हते. दादाने सांगितले होते. मी ऐकले नव्हते.

पुढच्या आषाढात मला कडाक्याची सर्दी झाली. परीक्षा चालू होत्या, दहा वाजता माझे पर्यवेक्षण होते. त्या दिवशी कधी नव्हे ते दादाचे घड्याळ घातले होते, कारण माझ्या नेहमीच्या घड्याळाचा सेल संपला होता. बायकोने वाफाऱ्याचे पातेले पुढे ठेवले. मी डोक्यावरून टॉवेल घेतला, दोन्ही हात पातेल्याभोवती धरले आणि दहा मिनिटे मनसोक्त वाफ घेतली. नाक मोकळे झाले. तसाच उठलो आणि पावसात स्कूटर काढली.

वर्गात एका मुलीने विचारले, "सर, किती वेळ राहिला?" मी मनगट वर केले, आणि काचेच्या आत धुके! आकडे नाहीत, काटे नाहीत. महाबळेश्वरला एखाद्या पॉइंटवर जाऊन उभे राहावे आणि दरीच दिसू नये, तसे. मी म्हणालो, "पुरेसा आहे. लिही." असे खोटे उत्तर मी पर्यवेक्षक म्हणून कधी दिले नव्हते.

संध्याकाळी घड्याळजीकडे गेलो. त्याने भिंग डोळ्याला लावून मागचे झाकण उघडले, माझ्याकडे न बघता विचारले, "चावी उघडी होती?" आणि उत्तराची वाट पाहिली नाही. त्याने जे समजावले ते मला आमच्या विज्ञान विभागात कुणी समजावले नसते. घड्याळावर ३० मीटर लिहिलेले असते ते स्तब्ध पाण्याच्या दाबाचे माप, म्हणजे तीन वातावरणांचे. तीस मीटर खोल बुडी मारण्याचा परवाना नव्हे. आणि ते माप गरम वाफेचे तर नव्हेच. वाफ थेंबासारखी दाराशी अडत नाही, हवेसारखी फटीतून शिरते. उष्णतेने आतली हवा फुगून थोडी बाहेर जाते. मग गार पाऊस लागला की आतली हवा आकसते आणि बाहेरचा दमटपणा ओढून घेते. घड्याळ श्वास घेते म्हणा ना! शिवाय रबर उष्णतेने आणि वयाने कडक होते. त्याने चिमट्यात धरून दाखवलेली कडी शिळ्या शेवेसारखी मोडली. कारखान्यात दमटपणा पाहण्याची एक सोपी रीत आहे म्हणाला : घड्याळ चाळीस-पंचेचाळीस अंशांपर्यंत तापवायचे, काचेवर गार पाण्याचा एक थेंब ठेवायचा आणि मिनिटाने पुसून पाहायचे. आत धुके दिसले तर घड्याळ नापास. एका थेंबाची परीक्षा! आमच्या तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेला जे साधत नाही ते.

यंत्र वाचले. त्याने ते सुटे करून पुसले, तेल दिले, कड्या बदलल्या. पण तबकडीवर चारच्या आकड्याजवळ मुगाएवढा तपकिरी डाग राहिला. "तबकडी बदलू नका," तो म्हणाला, "मूळची आहे."

दादा दर रविवारी फोन करी. मराठी माणूस घड्याळाबद्दल सहसा विचारत नाही, पण हा विचारी. "चाललंय ना?" "चाललंय." "किती पुढे जातं?" "दिवसाला चारपाच सेकंद." हे खरेच होते. खऱ्या वाक्यांनी खोटे कसे बोलावे हे मी दरवर्षी मुलांना अलंकार शिकवताना शिकवतोच. पण आवाज उतरत असावा. तीस वर्षे यंत्राच्या आवाजावरून बिघाड ओळखणाऱ्या माणसाला ते कळत नसेल, असे मला का वाटावे?

त्या वर्षीच्या दिवाळीला आम्ही गावी गेलो. नरकचतुर्दशीला पहाटे चारलाच वहिनींनी बंब पेटवला. न्हाणीघरात धूर, वाफ आणि उटण्याचा वास. पाटावर दादा बसला होता, वहिनी त्याला तेल लावत होत्या. मी दाराशी उभा, घड्याळ काढून खिशात ठेवलेले.

"घड्याळ कुठाय?" दादाने विचारले.

मग मी सांगितले. वाफारा, पाऊस, चावी, सगळे. चार महिने गप्प राहिल्याचेही सांगितले. आणि कसे कोण जाणे, ते जुने साध्या घड्याळाचे बोलणेही काढले. तेवीस वर्षांनी. वहिनींचा हात थांबला.

दादाने तेलकट हात पुढे केला. घड्याळ घेऊन बंबाच्या उजेडात धरले, अंगठ्याने काच पुसली. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "सहाखाली बघ."

सहाच्या आकड्याखाली तसाच एक डाग होता, फिकट. मी तो आजवर नक्षीचा भाग समजत होतो.

"शहाण्णव साल. तांबडा समुद्र. वेळ लावली आणि चावी आवळायची राहिली. घाईत खाली गेलो." तो हसला. "आठ दिवस कुणाला सांगितलं नाही. चीफने विचारलं तर म्हटलं, चाललंय."

वहिनी म्हणाल्या, "मलाही नाही सांगितलंत!"

"तुम्हाला कशाला सांगतोय," दादा म्हणाला, आणि त्याने चावी दाबून, फिरवून घट्ट आवळली. कशी ते मला दोनदा करून दाखवले, मग माझ्या हातात घड्याळ दिले. "घाल. आणि बस पाटावर. पाणी निवतंय."